अंधाराची पेटी: जुना लाकडी प्लेट कॅमेरा घरी दुरुस्त करताना

कॅमेरा घरात आला की पहिल्याच दिवशी कुणीतरी पितांबरी आणि चिंचेचा कोळ घेऊन पुढे येतं. इतकं काळवंडलेलं पितळ घरात बघवत नाही. त्यांना चहा पाजा आणि थांबवा. जुन्या कॅमेऱ्यांच्या पितळेवर बहुधा लाखेचा पातळ लेप असतो. तो घासून काढला की पितळ चार दिवस सोन्यासारखं दिसतं आणि पुढच्या पावसाळ्यात आधीपेक्षा जास्त काळं पडतं. शिवाय चिंचेची आंबटाई पितळेतलं जस्त ओढून घेते आणि मागे तांबूस डाग ठेवते. पितळ पुसायला मऊ सुती फडकं पुरे.

मी लिहितोय ते सागवानी प्लेट कॅमेऱ्यांबद्दल, म्हणजे फिल्मच्या रोलऐवजी रसायनाचा लेप दिलेल्या काचेवर (प्लेटवर) फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल. आपल्याकडे अंबाजोगाई, परळी, उदगीर, हिंगोलीसारख्या गावांत एखादा जुना फोटो स्टुडिओ बंद होतो, तेव्हा माळ्यावरून असा एखादा खाली येतो. काहींवर इंग्लंडच्या थॉर्नटन-पिकार्डची पट्टी असते, काही केरळातल्या अलप्पुळ्याचे वागीश्वरी असतात, आणि पुष्कळांवर कसलंच नाव नसतं. यातले बरेचसे हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचे. फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांचा, आणि नंतरच्या काळातला चार बाय पाच इंचांचा. तुमच्याकडे कोणता आहे ते प्लेटची खाच मोजून ठरवा, विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

कॅमेरा कोणताही असो, त्याची रचना एकच. पुढे लेन्सची फळी, मागे काचेची चौकट, आणि दोहोंमध्ये भात्याने धरून ठेवलेला अंधार. तुम्हाला दुरुस्त करायचा आहे तो हा अंधार. लाकूड कसं दिसतं, पितळ चमकतं का, हे नंतर बघू. नाही बघितलं तरी फोटो येतो.

खोलण्याआधी

मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक भाग सुटा करण्याआधी एक आणि नंतर एक. स्क्रू ठेवायला आप्पेपात्र घ्या. एका खळग्यात एका भागाचे स्क्रू आणि सोबत चिठ्ठी. माझ्याकडे सात खळग्यांचं आहे, ते हाफ प्लेटला बरोबर पुरतं. हे स्क्रू हाताने बसवलेले असतात आणि प्रत्येक आपापल्या भोकात मुरलेला असतो, म्हणून सगळे एका वाटीत टाकू नका.

पितळी स्क्रूची खाच बारीक आणि मऊ असते. बाजारातला पेचकस त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि खाच फाडतो. कानशीने पेचकसाचं टोक घासून खाचेत घट्ट बसेल असं करून घ्या. या कामात अर्धा तास जातो, पण त्याने पुढचे चार दिवस वाचतात. स्क्रू हलतच नसेल तर गरम सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, थंड होऊ द्या, मग फिरवा. उलट भोक सैल झालं असेल तर विझलेल्या उदबत्तीची काडी घ्या. ती बांबूचीच असते. तिचे तुकडे फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात भरा आणि दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू परत बसवा.

लाकूड आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. स्पिरिट वापरू नका. या लाकडावर सहसा लाखेचं पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. खात्री करायची असेल तर तळाच्या लपलेल्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर लाखच आहे. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगा अजून जिवंत आहे. फर्निचरसाठी मिळणारं औषध सिरिंजने त्या भोकांत सोडा. हे काम अंगणात, मास्क लावून, आणि लेन्स दुसऱ्या खोलीत ठेवून करा.

दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं चाक यांत जुनं ग्रीस दगडासारखं झालेलं असतं. टूथब्रश, थोडं टर्पेंटाइन, मग नखभर नवं ग्रीस. खोबरेल तेल लावायचा मोह आवरा. ते थंडीत थिजतं आणि धूळ धरतं.

गळती शोधणं

भारनियमनाचा इथे पहिल्यांदा उपयोग होतो. रात्री, सगळे दिवे बंद असताना, खिडकीवर गोधडी टाका. भाता पूर्ण लांब ताणा. मोबाइलचा टॉर्च चालू करून कॅमेऱ्यात ठेवा, लेन्सवर टोपण लावा आणि मागची बाजू पुठ्ठा व काळ्या कापडाने बंद करा. आता दहा मिनिटं काही करू नका. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि नवशिके हीच दहा मिनिटं चुकवतात. त्यानंतर भात्याच्या कोपऱ्यांवर चांदण्या दिसू लागतील. हळूहळू हलवत सगळ्या बाजूंनी बघा. घडी सरळ असताना न दिसणारं भोक भाता वाकला की उघडतं. प्रत्येक चांदणीशेजारी पांढऱ्या खडूने खूण करा. लेन्सच्या फळीच्या कडा आणि मागच्या चौकटीचा जोडही बघायला विसरू नका.

दहा-बारा टोचलेली भोकं असतील तर नवा भाता करू नका. कापडाला लावायचा काळा रंग आणि थोडं फेव्हिकॉल एकत्र करून भात्याच्या आतल्या बाजूने पातळ हात द्या. भाता ताणलेलाच ठेवून वाळू द्या, गरज पडली तर दुसरा हात द्या, आणि शेवटी टाल्कम पावडर भुरभुरा म्हणजे घड्या एकमेकींना चिकटणार नाहीत. उरलेली पावडर नीट झटकून टाका, नाहीतर ती उडून प्लेटवर बसते. कोपरा फाटला असेल तर आतून पातळ काळ्या कापडाचं ठिगळ लावा.

विजेच्या वायरला लावतात ती काळी टेप लावू नका. मी लावली होती. मे महिन्यात नांदेडच्या एका लग्नाला गेलो तेव्हा कॅमेरा चार दिवस पत्र्याच्या खोलीत राहिला. परत आलो तर टेप सरकून शेजारच्या घडीला चिकटली होती आणि चिकटा चामड्यात उतरला होता. तो भाता शेवटी फेकावाच लागला.

नवा भाता

सगळ्या कामांत हेच खरं अवघड आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

भाता म्हटलं की आपल्याला पेटी आठवते. आपल्याकडे भजनी मंडळाशिवाय गाव नाही, त्यामुळे हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस जवळपास सापडतोच. त्याच्याकडे जाऊन बसा. पुठ्ठा कसा कापायचा, कोपऱ्यात कापड कसं वळवायचं, सरस कुठे लावायचा आणि कुठे अजिबात नाही, हे त्याच्या बोटांत असतं. मी ज्या काकांकडे शिकलो त्यांनी कॅमेऱ्याचा भाता हातात घेऊन आधी फुंकर मारली. पण एक फरक त्यांनाही सांगावा लागला. हवा अडवणारा भाता प्रकाश अडवेलच असं नाही. पातळ कापडाला सरसाचा हात दिला की हवा थांबते, उजेड मात्र आरपार येतो. म्हणून कोणतंही कापड घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर ताणून बघा. छत्रीचं काळं कापड या परीक्षेत हमखास नापास होतं.

दुसरा फरक वजनाचा. पेटीचा भाता जड असला तरी चालतो. कॅमेऱ्याचा भाता जड झाला की मधे लोंबतो, चित्राचा खालचा भाग कापतो आणि पुढची फळी मागे ओढतो. त्यामुळे रेक्झिन नको. बाहेरून बुकबाइंडिंगचं पातळ काळं कापड, आतून ब्लॅकआउट पडद्याचं पातळात पातळ मिळेल ते काळं कापड, आणि मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या. पुठ्ठा लग्नपत्रिकेच्या जाडीचा. आतली बाजू चकचकीत नसावी.

आता माप. तीन आकडे लागतात: पुढच्या चौकटीचं भोक, मागच्या चौकटीचं भोक, आणि कॅमेरा जास्तीत जास्त किती लांब होतो ते. समजा लांबी ३६ सेंटिमीटर आहे. भाता कधीही पूर्ण सपाट ताणला जाऊ नये, म्हणून कापड साधारण सव्वापट ते दीडपट लांब घ्या. पट्टी १५ मिलिमीटर रुंद आणि दोन पट्ट्यांमध्ये ३ मिलिमीटर फट धरली तर एका घडीला १८ मिलिमीटर लागतात. २६ पट्ट्या घेतल्या की ४६.८ सेंटिमीटर होतात. दोन्ही टोकांना चिकटवायला ३-३ सेंटिमीटर जादा सोडा. पट्ट्यांची संख्या सम ठेवा. मिटल्यावर भाता किती जाड होईल तेही बघा. एका पट्टीमागे कापडांसह सव्वा मिलिमीटर धरलं तर २६ पट्ट्यांचे सव्वातीन सेंटिमीटर होतात. कॅमेरा मिटल्यावर तेवढी जागा आहे ना?

भाता मागे रुंद आणि पुढे अरुंद असतो, म्हणून चारही बाजू समलंब चौकोन होतात. पट्ट्यांची टोकं कोपऱ्यात तिरपी कापायची, आणि वरच्या बाजूची घडी जिथे बाहेर येते तिथेच शेजारच्या बाजूची घडी आत जाते. हे वाक्य वाचून कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. ड्रॉइंग पेपरवर अर्ध्या मापाचा भाता आधी करून बघा. कागद स्वतःच सांगतो कुठे चुकलं ते.

आतलं कापड टेबलावर ताणून चिकटवा, त्यावर पेन्सिलने चारही बाजू आखा आणि पट्ट्या एकेक करून लावा. चपला चिकटवायचं सोल्यूशन इथे बरं पडतं, कारण पाणी असलेल्या गोंदाने पुठ्ठा वाकतो. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. मग वरचं कापड. पूर्ण वाळण्याआधीच गुंडाळून जोड शिवणीसारखा एकावर एक घ्या, आणि तो जोड कॅमेऱ्याच्या खालच्या बाजूला येईल असं बघा. घड्या अरुंद टोकाकडून घालायला सुरुवात करा, चिमटीत धरून, घाई न करता. सगळ्या पडल्या की भाता मिटून वर पाटा ठेवा आणि रात्रभर विसरा. सकाळी पुन्हा टॉर्चची परीक्षा घ्या, आणि त्यात पास झाल्यावरच कॅमेऱ्याला चिकटवा.

घासलेली काच

मागची दुधी काच फुटलेली असते किंवा कुणीतरी साधी बसवलेली असते. दुकानातली दुधी काच खरखरीत असते, तिच्यावर बारीक फोकस दिसत नाही. घरी करणं सोपं आहे. २ मिलिमीटरची साधी काच मापाने कापून आणा आणि तिच्या कडा धारेच्या दगडावर घासून बोथट करा. ओल्या वर्तमानपत्रावर ती ठेवा, तिच्यावर चमचाभर पाणी आणि ४०० ते ६०० नंबरची कार्बोरंडम पावडर चिमूटभर टाका, आणि काचेच्या दुसऱ्या छोट्या जाड तुकड्याने गोल गोल घासत राहा. पंधरा-वीस मिनिटांत सगळीकडे सारखी धुकट होते. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीजवळ राहत असाल तर पावडर सहज मिळते. गॅरेजमधली वॉल्व्ह घासायची पेस्टही चालते, पण ती तेलकट आणि जाडी असते. घासलेली बाजू लेन्सकडे, हे लक्षात ठेवा. उलटी बसवली तर काचेच्या जाडीमुळे फोकस सरकतो.

आता अगदी कंटाळवाणी पण टाळता न येणारी मापं. स्लाइड म्हणजे प्लेट किंवा फिल्म धरणारी, झाकणाची चपटी चौकट; फोटो घेताना ती काचेच्या जागी बसते. काचेची घासलेली बाजू आणि स्लाइडमधल्या फिल्मचा पृष्ठभाग कॅमेऱ्यात नेमके एकाच अंतरावर यायला हवेत. चौकटीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या दांडीने काचेपर्यंतची खोली मोजा. मग तसंच स्लाइडमध्ये फिल्मपर्यंत. चार बाय पाचच्या आधुनिक होल्डरचं ठरलेलं माप साधारण ५ मिलिमीटर आहे. जुन्या लाकडी स्लाइडमध्ये असं ठरलेलं काही नसतं, प्रत्येक स्लाइड वेगळी मोजावी लागते. ०.२ मिलिमीटरपर्यंतचा फरक खपतो. त्याहून जास्त असेल तर काचेखाली कागदाच्या पट्ट्या लावून जुळवा. स्लाइडवर पेन्सिलने १, २, ३ असे आकडे घाला, ते पुढे कामाला येतील.

लेन्स आणि शटर

इथे जेवढं कमी कराल तेवढं चांगलं. जुन्या पितळी लेन्सचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग हाताने फिरवून सुटतात. कुठला भाग कुठे आणि कुठल्या दिशेने, ते कडेला पेन्सिलने बाण काढून ठेवा. फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन मधून बाहेर हलक्या हाताने पुसा. पावसाळ्यात लागलेली बुरशी बरीचशी जाते. तिने काच खाल्ली असेल तर डाग राहतात, आणि ते असूनही चित्र चांगलं येतं. चिकटवलेल्या दोन काचांमध्ये पिवळट कडा दिसत असेल तर तिला हात लावू नका. आणि ऊन खायला म्हणून लेन्स खिडकीत ठेवू नका. माझ्या खिडकीतल्या पडद्याला रुपयाएवढं भोक आहे, ते उन्हाळ्यातल्या अकरा वाजताचं.

जुन्या लेन्सवरचे आकडे बघताना एक फसगत होते. काहींवर हल्लीचे एफ आकडे (लेन्सचं भोक किती उघडं ते सांगणारे; आकडा मोठा तेवढं भोक लहान) नसून जुन्या यू.एस. म्हणजे ‘युनिफॉर्म सिस्टिम’ पद्धतीचे असतात. त्यात १६ म्हणजे एफ-१६ च, पण ४ म्हणजे एफ-८, ३२ म्हणजे एफ-२२ आणि ६४ म्हणजे एफ-३२. ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुप्पट होत जाणारी रांग दिसली तर समजून जा.

पडद्याचं शटर असेल तर त्याचं रबरी कापड बहुधा चिरलेलं असतं. सध्या बाजूला ठेवा. पात्यांचं शटर असेल तर खोलू नका, नुसतं मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पकडा. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या मोबाइलमध्ये १ सेकंदाचं शटर २४० चित्रं उघडं दिसायला हवं, १/३० सेकंदाचं ८. खरे वेग कागदावर लिहून काढा. चुकीचा वेग माहीत असला की काम चालतं. शटर नसलेल्या लेन्सला टोपण हेच शटर.

पहिला फोटो कागदावर

फिल्म महाग आहे आणि हाफ प्लेटमध्ये सहज मिळत नाही. पहिले दहा फोटो काळ्या-पांढऱ्या ब्रोमाइड कागदावर, म्हणजे फोटो छापायच्या कागदावर घ्या. तो लाल दिव्यात हाताळता येतो, म्हणजे काय चुकतंय ते डोळ्यांना दिसतं. प्लेटच्या मापाने कापून स्लाइडमध्ये घाला आणि मागे प्लेटएवढ्या जाडीचा पुठ्ठा द्या, म्हणजे स्प्रिंग कागदाला पुढे दाबून ठेवेल.

विषय म्हणून शेतातली कडब्याची गंजी घ्या. ती हलत नाही, आणि तिच्या काड्यांवर फोकस चुकला की लगेच कळतं. वेरूळ-अजिंठ्याला न्यायची घाई नको. इंग्रज लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८६० च्या दशकात तिथली छायाचित्रं काढली हे खरं, पण आज तिथे तिपाई लावायला आधी परवानगी काढावी लागते, आणि पहिला कॅमेरा घेऊन तिकडे उभं राहिलं की भोवती गर्दी जमून हात थरथरतात.

हा कागद फार मंद असतो, साधारण आयएसओ ६ (आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त लागतो). म्हणजे आपल्या स्वच्छ उन्हात एफ-१६ ला १/६ सेकंद. टोपण काढून तेवढा वेळ साधणार नाही, म्हणून एफ-४५ पर्यंत बंद करा. मग सव्वा सेकंद होतो. लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, टोपण काढा, कॅमेरा स्थिर होऊ द्या, मग पुठ्ठा हटवून ‘एक हजार एक’ म्हणा आणि परत आणा. पहिल्या कागदावर तीन पट्टे घ्या. स्लाइडचं झाकण पूर्ण काढून १ सेकंद, एक तृतीयांश आत सरकवून आणखी १, पुन्हा तेवढंच सरकवून आणखी २. एकाच कागदावर १, २ आणि ४ सेकंद मिळतील. जवळची वस्तू घेताना भाता लांबतो आणि उजेड कमी पोचतो. हाफ प्लेटला सहसा सव्वाआठ इंचांची, म्हणजे साधारण २१० मिलिमीटरची लेन्स असते. भाता ३०० मिलिमीटरवर गेला की वेळ दुप्पट करा. कागदाला लाल रंग दिसत नाही, म्हणून विटांची भिंत काळी येते आणि आभाळ पांढरंफेक. दुपारचं ऊन त्याला सोसत नाही, सकाळी आठपर्यंत काम उरका.

डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांना हवा आणि मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी तिशीच्या पुढे. माठातल्या पाण्यात डेव्हलपर कालवा आणि ट्रे बर्फाच्या घमेल्यात ठेवा. नंतर पाणी, मग हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन), मग धुणं. प्लॅस्टिकचा लेप असलेला म्हणजे आरसी कागद घ्या, तो थोड्या पाण्यात धुऊन होतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. वाहत्या नळाखाली धुण्याऐवजी ट्रेमधलं पाणी चार वेळा बदला. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. ते मोरीत, झाडांना किंवा बोअरजवळ ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. हे ट्रे परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत.

हा वाळलेला कागद म्हणजे तुमची निगेटिव्ह. ती कोऱ्या ब्रोमाइड कागदावर तोंडाला तोंड लावून ठेवा, खाली कोरा कागद, वरून निगेटिव्ह, त्यावर जाड काच, आणि दोन-चार सेकंद साधा दिवा. गंजी सुलटी होते. छापाच्या कडेला पांढुरका पट्टा दिसला तर घाबरू नका, ती राहिलेली गळती आहे. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून छापाच्या खालच्या कडेचा पट्टा म्हणजे स्लाइडची वरची बाजू. एकाच आकड्याच्या स्लाइडवर येत असेल तर त्या स्लाइडच्या तोंडाचं मखमल झिजलंय, ते बदला. सगळ्याच स्लाइडवर येत असेल तर पुन्हा रात्री भात्यात टॉर्च ठेवा. माझ्या ३ नंबरच्या स्लाइडवर अजून खडूची फुली आहे. मखमल आणलंय, लावायचं राहिलंय.